एका दिवसात किती वाइनरी बघाव्यात? दोन पुरे

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघं मित्रमैत्रिणी एका दिवसासाठी गावाकडच्या वाइनरी बघायला निघाले आहेत. नकाशावर पाच-सहा ठिकाणं जवळजवळ दिसतात. चौघांपैकी एक जण दारू घेत नाही, गाडी तोच चालवणार आहे. बाकी तिघांनी आजवर वाइन प्यायली आहे, पण तिच्यातलं फारसं कळत नाही. किती ठिकाणी जावं, टेस्टिंगला नेमकं काय करायचं असतं, थुंकायची गरज असते का, आणि प्रत्येक ठिकाणी काही विकत घ्यावंच लागतं का?

दोन ठिकाणी जा. फार तर तीन, आणि तेही तिसरं अगदी छोटं असेल तरच.

मी सतरा वर्षं वाइनरीच्या तळघरात काम करते आहे आणि सुट्टीच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना टेस्टिंगही देते. सकाळी अकराला आलेली माणसं ग्लास नाकाशी नेऊन थांबतात, एकमेकांना विचारतात, दोन वाइनमधला फरक शोधतात. दुपारी चारनंतर येणारा गट बहुधा त्या दिवसाच्या चौथ्या वाइनरीत आलेला असतो. पहिल्या घोटाला ‘छान’ म्हणतो, सहाव्यालाही ‘छान’च म्हणतो. दिवसभराचा प्रवास, तयारी, पैसा, सगळं करून त्या माणसांच्या हाती काही लागलेलं नसतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. म्हणून जरा लांबच लिहिते.

आधी साधा हिशेब करू. टेस्टिंगला एका वाइनचं साधारण ३० मिली ओततात. काही यजमानांचा हात सैल असतो, ते ५० पर्यंत जातं. एका ठिकाणी सहा वाइन धरल्या तर १८० मिली झालं. अशी चार ठिकाणं केली की ७२० मिली, आणि अख्खी बाटली ७५० मिलीची असते. म्हणजे ‘आम्ही नुसतं चाखलं’ म्हणता म्हणता माणशी जवळजवळ एक बाटली पोटात जाते. साडेतेरा टक्क्यांच्या वाइनमध्ये ते सुमारे ७५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं, आणि यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निस्तरू शकतं. मध्ये कॉफी घेतली, तोंडावर गार पाणी मारलं, तरी हा वेग वाढत नाही.

दुसरा हिशेब जिभेचा आहे आणि तो लोकांना माहीत नसतो. लाल वाइनमधलं टॅनिन, म्हणजे सालीतून-बियांतून येणारं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि हिरड्या, गाल, जीभ खरखरीत लागायला लागतात. फार उकळलेल्या बिनदुधाच्या चहाने होतं तसंच. हा तुरटपणा घोटागणिक साचत जातो. लाळ पुन्हा नीट सुटायला वेळ द्यावा लागतो, तो दिला नाही की बारावी लाल वाइन आहे त्यापेक्षा उग्र लागते. त्याच वेळी थोडी गोडसर, मऊ वाइन समोर आली की ती अमृतासारखी वाटते, कारण थकलेल्या जिभेला ती सुखावते.

कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एका दिवसात पाच वाइनरी केल्या होत्या. शेवटच्या ठिकाणची लाल वाइन इतकी आवडली की बारा बाटल्यांचा खोका घेतला. आठवड्याने घरी पहिली बाटली उघडली आणि ग्लास अर्धा राहिला. मुरंब्यासारखा गोडवा आणि त्याला तोलायला आंबटपणाच नाही. बाटलीत बिघाड काहीही नव्हता, वाइन तीच होती. मी ती निवडली तेव्हा माझ्या तोंडात चव ओळखायची ताकद उरलेली नव्हती. तो खोका संपायला दोन वर्षं लागली. तेव्हापासून फिरायला जाते तेव्हाही मी दोनच ठिकाणं ठरवते.

आता थुंकण्याबद्दल. हो, थुंका. तिघांनीही थुंका. पाहुण्यांना याची फार लाज वाटते. यजमानाने प्रेमाने ओतलेलं त्याच्यासमोर थुंकायचं कसं, असं वाटतं. पण टेबलावर ती बादली किंवा पिकदाणी त्यासाठीच ठेवलेली असते आणि तिचा वापर करणारा पाहुणा दिसला की आतल्या माणसाला बरं वाटतं, कारण हा माणूस लक्ष देऊन चाखायला आला आहे हे कळतं. कोणत्या वाइन एकत्र करून बाटलीत भरायच्या ते ठरवायच्या दिवसांत मी दुपारच्या जेवणाआधी चाळीस-चाळीस नमुने चाखते. गिळत गेले तर दहाव्या नमुन्यानंतर माझ्या मताला काही किंमत राहणार नाही.

थुंकणं ही हाताला नव्हे, पण ओठांना लावायची सवय आहे, आणि ती घरी मोरीवर साध्या पाण्याने दोन दिवसांत लागते. तोंडात चहाच्या दोन चमच्यांएवढं पाणी घ्या, जास्त नको. ओठांचा ‘ऊ’ म्हणताना होतो तसा चंबू करा. गाल आत घट्ट ओढा, जिभेची मधोमध पन्हळ करा आणि पुढे वाकून एका दमात, जोरात सोडा. हळू सोडलं की हनुवटीवर ओघळतं. भीत भीत थुंकणाऱ्यांचेच कपडे खराब होतात. ओढणी, सुटे केस, गळ्यातलं काही लोंबणारं असेल ते एका हाताने धरा. बादली लांब असेल तर ती सरळ उचलून तोंडाजवळ घ्या, त्यात काही वावगं नाही. ग्लासात उरलेलीही त्यातच ओता. संपवायची सक्ती नसते.

चव घशात नसते, हे एकदा पटलं की थुंकणं जड जात नाही. वाइन तोंडात पाच-सात सेकंद फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा (सूर्र असा आवाज होतो, होऊ द्या), मग थुंका आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. वास तोंडाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो आणि जे काही कळायचं ते तिथे कळतं. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट तोंडात घ्या. आंबट, गोड, तुरट एवढंच कळेल. चिमूट सोडा, मग अचानक फळ येईल, मसाला येईल. सहांपैकी जी सगळ्यात आवडली तिचा एक घोट शेवटी गिळा, आनंदाने गिळा.

मात्र थुंकलं म्हणून अल्कोहोल शून्य होत नाही. थोडं तोंडाच्या त्वचेतून जातं, थोडं नकळत गिळलं जातं. म्हणून गाडी चालवणाऱ्याने थुंकूनही चाखू नये. तुमचा तो मित्र आधीच घेत नाही, तेव्हा ही सगळ्यात मोठी अडचण तुमच्यापुरती सुटलेलीच आहे.

निघायच्या आठवडाभर आधी फोन करा. छोट्या वाइनरीत टेस्टिंग देणारा, टाक्या धुणारा आणि ट्रॅक्टर चालवणारा माणूस एकच असतो. तुम्ही न सांगता दारात उभे राहिलात तर तो मळ्यातून हात पुसत येतो आणि त्याचं अर्धं लक्ष मागे राहिलेल्या कामात असतं. फोनवर एवढंच सांगा: चौघं आहोत, तिघं चाखणार, घाई नाही, मळा आणि तळघर बघायला मिळालं तर आवडेल. शेवटच्या वाक्याने फार फरक पडतो. टेस्टिंगचं शुल्क किती आणि खरेदी केल्यास ते वळतं होतं का, हेही तेव्हाच विचारून घ्या, म्हणजे टेबलावर अवघडायला होत नाही. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा.

दोनपैकी एक मोठी निवडा आणि एक लहान, आणि मोठी सकाळी करा. मोठ्या ठिकाणी यंत्रं, टाक्यांच्या रांगा, बाटल्या भरायची ओळ हे सगळं एका फेरीत दिसतं आणि प्रक्रिया डोक्यात बसते. मग दुपारी लहान ठिकाणी गेलात की माणसाशी बोलायला तुमच्याकडे प्रश्न असतात. मध्ये दोन तास मोकळे ठेवा, नीट जेवा, भरपूर पाणी प्या. सकाळचा नाश्ताही पोटभर हवा. रिकाम्या पोटी टेस्टिंगला बसलेली माणसं मी चक्कर येऊन खाली बसताना पाहिली आहेत. त्या दिवशी अत्तर, परफ्यूम, वासाचं तेल काहीही लावू नका. तुमच्या मनगटावरचा वास तुमच्याच नव्हे, शेजारच्या तिघांच्या ग्लासात शिरतो. दात घासल्यावर निदान तासभर जाऊ द्या. आणि पायात बंद, न घसरणारे बूट घाला. तळघराची फरशी दिवसातून चार वेळा धुतली जाते, ती कायम ओली असते.

पोचल्यावर थेट टेबलाकडे जाऊ नका. आधी मळा बघायला मागा.

द्राक्षं पिकलेल्या दिवसांत गेलात तर परवानगी घेऊन एक मणी तोडा. परवानगी नक्की घ्या, फवारणी कधी झाली आहे हे त्यांनाच माहीत असतं. वाइनच्या द्राक्षाचा मणी खायच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. काळ्या जातीचा मणी बोटांत दाबून रस तळहातावर घ्या. बहुतेक जातींत तो रस पाण्यासारखा फिका निघतो. लाल वाइनचा लाल रंग रसात नसतोच, तो सालीतून येतो. म्हणून लाल वाइन सालींसकट आंबवतात, पांढरीसाठी रस आधीच पिळून वेगळा काढतात, आणि गुलाबी वाइनला साल काही तासच लागू देतात. काळ्या द्राक्षापासून पांढरी वाइन होते ती याच कारणाने. शॅम्पेनमध्ये पिनो न्वार ही काळी जात असते, पण बाटलीतली वाइन सोनेरी दिसते.

मग दुसरा मणी तोंडात टाका आणि सावकाश चावा. आधी रस येतो, तो बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा फार गोड असतो. तो गिळून साल चावत राहा. जीभ रंगते, हिरड्या आखडतात. शेवटी बी तळहातावर काढून बघा. हिरवट असेल तर चावल्यावर कडू, कच्ची लागते. तपकिरी झालेली बी कुडकुडीत फुटते आणि भाजल्यासारखी लागते. तोडणी आज करायची की चार दिवस थांबायचं, हा वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय आम्ही अशा चावलेल्या बियांवर घेतो. बरोबर रिफ्रॅक्टोमीटर असतोच. रसाचा एक थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे धरला की ब्रिक्स दिसतो, म्हणजे साखरेचं प्रमाण. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होतं, त्यामुळे त्या थेंबावरून वाइन किती कडक होणार याचा अंदाज बांधता येतो. पण साल आणि बी पिकली की नाही हे त्या यंत्राला कळत नाही, त्यासाठी दातच लागतात.

हंगाम नसेल तर वेलीच्या बुंध्याशी बसा. जमिनीच्या थोडं वर एक फुगीर गाठ दिसेल. खाली खुंट एका जातीचा, वर कलम दुसऱ्या जातीचं. एकोणिसाव्या शतकात, १८६० च्या दशकापासून, फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या चिमुकल्या किडीने फ्रान्सचे आणि मग युरोपातले मळे उजाड केले. कीड अमेरिकेतून आलेली होती आणि उपायही तिथूनच आला: त्या किडीला तोंड देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर युरोपीय जातींचं कलम बांधायचं. जगातल्या बहुतेक मळ्यांत आजही तेच चालतं. ती गाठ बोटांनी चाचपून बघितली की बाटलीवरच्या जातीच्या नावाखाली अजून एक वेल उभी आहे हे लक्षात राहतं.

तळघरात किंवा टाक्यांच्या दालनात गेल्यावर एक सूचना कडक पाळा. आंबवणं चालू असेल तर उघड्या टाकीवर वाकून आत बघू नका. एका लिटर रसातून चाळीस-पन्नास लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तोंडाशी आणि खड्ड्यांत साचतो, दिसत नाही, वासही येत नाही. तळघरात यामुळे माणसं दगावलेली आहेत. यजमान ‘थांबा’ म्हणाला तर थांबा.

बाहेरूनही खूप दिसतं. लाल वाइनच्या टाकीत साली वायूबरोबर वर येऊन जाड थर धरतात. तो थर कोरडा पडला तर आंबूस होऊन व्हिनेगरकडे जातो आणि रंगही नीट उतरत नाही, म्हणून दिवसातून काही वेळा खालचा रस उपसून वरून सोडतात किंवा थर दांड्याने खाली दाबतात. लाल वाइन साधारण २४ ते ३० अंशांत आंबवतात. पांढरी बऱ्याचदा १२ ते १८ अंशांत, सावकाश, कारण उष्णतेने तिचा नाजूक वास उडून जातो. टाकीच्या बाहेर दव धरलेलं दिसलं तर आत गारवा का ठेवला आहे ते विचारा. प्रश्न विचारायची हीच जागा आहे, टेबलावर गेल्यावर विषय जातींवर आणि बक्षिसांवर जातो.

माझा आवडता प्रश्न सांगते, तो कोणत्याही वाइनरीत चालतो: ‘यंदा काय बिघडलं?’ चांगल्या माणसाचा चेहरा या प्रश्नाने उजळतो. तोडणीच्या आधी पाऊस आला, घडांत बुरशी शिरली, एक टाकी आंबता आंबता मध्येच थांबली, असं काहीतरी दर वर्षी असतं. त्या अडचणीतून वाट कशी काढली हे ऐकल्यावर त्या वर्षाची वाइन चाखणं वेगळंच होतं. ‘आमच्याकडे काहीच बिघडत नाही’ असं उत्तर मिळालं तर मी पुढे फारसं विचारत नाही.

दुसरी मागणी अशी करा: एकच वाइन टाकीतली किंवा पिंपातली आणि बाटलीतली शेजारी शेजारी चाखायला मिळेल का? सगळीकडे मिळत नाही, पण मिळाली तर दिवसाचं सार्थक झालं. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रांतातल्या प्रचलित मापाचं, ओक झाडाच्या लाकडाचं पिंप २२५ लिटरचं असतं, त्यातून सुमारे ३०० बाटल्या होतात. नवं पिंप वाइनला व्हॅनिला, लवंग, भाजलेल्या लाकडाचा वास देतं. तीन-चार हंगाम वापरलेलं पिंप वास जवळजवळ देत नाही, पण लाकडातून हवा सूक्ष्म प्रमाणात आत येत राहते आणि टॅनिनचे कंगोरे बोथट होतात. लाकडातून वाइन उडतही जाते, म्हणून पिंपं पुन्हा पुन्हा काठोकाठ भरावी लागतात. पिंपातली कोवळी वाइन गढूळ, उग्र, थोडी अस्ताव्यस्त लागते. तीच दोन वर्षांनी बाटलीत कशी निवली आहे हे एका मिनिटाच्या अंतराने जिभेवर आलं की मुरणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

आता टेबलावर. क्रम यजमान ठरवतो: आधी फसफसणारी, मग पांढऱ्या, गुलाबी, लाल आणि गोड सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नका. गोड वाइन मध्ये घेतली तर पुढची प्रत्येक वाइन आंबट लागेल. ग्लास दांडीला धरा, वाटीला धरला की हाताची ऊब वाइनला लागते. फिरवण्याआधी एकदा शांतपणे वास घ्या, मग फिरवून पुन्हा घ्या. पहिल्या वासात जे नाजूक होतं ते फिरवल्यावर दबतं आणि जे खोल होतं ते वर येतं. दोन्ही लागतात.

तोंडात गेल्यावर तीन जागांकडे लक्ष द्या. आंबटपणा कळतो तो जबड्याखाली लाळ किती सुटते त्यावरून. टॅनिन कळतं वरच्या हिरड्यांवर जीभ फिरवून. अल्कोहोल कळतं ते घशाशी ऊब येते त्यावरून. एवढ्यावरच दिवसभरातल्या बारा वाइनची वर्गवारी करता येते आणि त्यासाठी एकही अवघड शब्द लागत नाही.

शब्दांची भीती बाळगू नका. कॅलिफोर्नियात, डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं, ते ‘भारदस्त’, ‘रुबाबदार’ अशा हवेतल्या शब्दांऐवजी ओळखीच्या वस्तूंची नावं वापरता यावीत म्हणूनच. तुम्हाला ढोबळ्या मिरचीचा वास आला तर ढोबळी मिरचीच म्हणा. काबर्ने सोव्हिन्यों जातीत जो वास येतो त्यामागचं पायराझिन कुळातलं रसायन ढोबळ्या मिरचीतही असतं. सिराह या काळ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये काळ्या मिरीचा वास आला तर तीही कल्पना नव्हे. मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन नावाचं रसायन त्या द्राक्षाच्या सालीत असतं. पेरू, ओली माती, जुनं पुस्तक, पावसाळ्यातलं कपाट, जे आठवेल ते लिहा. वास ओळखणं म्हणजे बहुतांशी आठवणं असतं, आणि आठवण तुमचीच चालते.

यजमानाच्या कागदावर ‘चेरी, चॉकलेट, तंबाखू’ असं छापलेलं असतं. तो कागद आधी उलटा ठेवा. आपण किती सहज फसतो याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली गेली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला लावतात तशाच शब्दांत केलं. २००१ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. ते शिकलेले लोक होते, त्यांचं नाक वाईट नव्हतं, डोळ्यांनी आधीच निकाल देऊन टाकला होता. म्हणून तिघांपैकी एकाने दर टेबलावर एकदा डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने न सांगता ग्लास हातात द्यायचा. पांढरी की लाल एवढंच ओळखायचं. गार दिलेली हलकी लाल वाइन आणि पिंपात मुरलेली पांढरी यांत भल्याभल्यांचा गोंधळ होतो, आणि त्या गोंधळातून जेवढं शिकायला होतं तेवढं व्याख्यानातून होत नाही.

वही न्या. प्रत्येक वाइनला दोनच ओळी: काय आलं, आणि ही मला पुन्हा प्यावीशी वाटते का. फोनमध्ये लेबलाचे फोटो काढून ठेवलेत तरी संध्याकाळी फोटोवरून चव आठवत नाही, आपल्या हाताने लिहिलेल्या दोन ओळींवरून आठवते.

वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट तळघरासारखा वास आला आणि फळ मेल्यासारखं वाटलं, तर बूच खराब असू शकतं. त्याला टीसीए नावाचं रसायन कारणीभूत असतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला खटकतं. नखांच्या पॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणका आला तर तोही दोष. ‘आपल्यालाच कळत नसेल’ म्हणून गप्प बसू नका. हळू आवाजात सांगा, ‘ही बाटली एकदा बघता का?’ सकाळपासून त्याच बाटलीतून ओतत असताना माझ्याही नजरेतून खराब बूच सुटलं आहे, आणि ते एका पहिल्यांदाच टेस्टिंगला आलेल्या बाईंनी दाखवून दिलं. मी त्यांचे आभार मानून नवी बाटली उघडली आणि त्या गटाला दोन्ही शेजारी चाखायला दिल्या.

खरेदीचं बंधन नसतं. शुल्क भरलं आहे, नीट चाखलं आहे, आभार मानून निघालात तर कुणी वाईट वाटून घेत नाही. माझं स्वतःचं वागणं असं आहे की ज्या छोट्या वाइनरीने तासभर वेळ दिला तिथली एखादी बाटली मी घेते, आणि तीही दुकानांत सहसा न मिळणारी. टेबलावर बसून ठरवू नका. बाहेर जा, पाच मिनिटं मोकळ्या हवेत फिरा, पाणी प्या, वही उघडा, आणि जिच्यापुढे ‘पुन्हा प्यावीशी वाटते’ लिहिलं असेल तिच्याचसाठी आत या. पहिल्या फेरीत खोका घेऊ नका, दोन बाटल्या पुरेत.

घेतलेली बाटली गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. बंद गाडी उन्हात तापून सहज ५० अंशांपलीकडे जाते. वाइन फुगते, बूच वर सरकतं, आणि जी काही टवटवी होती ती शिजून जाते. थंड राहणारी पेटी बरोबर असेल तर उत्तम, नसेल तर सीटखाली, सावलीत, जाड कपड्यात गुंडाळून. घरी नेल्यावर आठवडा-दोन आठवडे आडवी ठेवून द्या, प्रवासाने हलल्यानंतर ती लगेच उघडली तर बंद-बंद, म्हणजे वास दबल्यासारखी लागते, असं आमच्यातले बरेच जण मानतात. उघडाल तेव्हा वहीतल्या त्या दोन ओळी वाचायच्या आधी नव्या दोन ओळी लिहा, मग जुळवून बघा.

तुमच्या न पिणाऱ्या मित्राबद्दल शेवटी लिहायचं ठेवलं होतं, कारण अशा माणसाला बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात पाण्याचा ग्लास देऊन बसवतात. तसं होऊ देऊ नका. त्याची तयारी असेल तर त्यालाही प्रत्येक वाइनचा ग्लास नुसता वास घ्यायला द्या. वास घेऊन चढत नाही, आणि चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा भाग वासच असतो. त्याचं नाक संध्याकाळी पाच वाजताही सकाळइतकंच ताजं असेल, तुमचं नसेल. तोडणीच्या दिवसांत गेलात तर यजमानाकडे त्याच्यासाठी नुकताच पिळलेला, अजून आंबायला न लागलेला रस मागा. मळ्यातल्या मण्याची चव आणि टेबलावरच्या ग्लासाचा वास यांच्या मधला दुवा तोच आहे, आणि तुम्हा तिघांनाही त्याच्या ग्लासातला एक घोट मागून घ्यावासा वाटेल.